वाचनालयातला कॉम्प्युटर कुणाचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर आहे का, असला तर तुम्हाला वापरायला मिळतो का. खूप जणांनी लिहिलं. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हापुन्हा आले तेवढेच घेतलेत. मी स्वतः एका तालुक्याच्या वाचनालयात बरीच वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे उत्तरं तिथल्याच अनुभवावरून देतेय.

ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून रोज तालुक्याला येते, अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करते. वाचनालयात दोन कॉम्प्युटर आहेत पण कायम कव्हर घातलेले. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणतात ते ऑफिसचे आहेत. मग फॉर्म भरायला कॅफेत जावं लागतं, दर फॉर्मला पैसे, आणि माझा पासवर्डसुद्धा त्या दादानेच ठेवलाय. वाचनालयाचे कॉम्प्युटर आमच्यासाठी नसतात का?

तुझं पत्र वाचलं आणि ते कव्हर डोळ्यासमोर आलं. आमच्याकडेही एक कॉम्प्युटर होता आणि सुरुवातीचे काही महिने मीही त्याला असंच झाकून ठेवलं होतं, बिघडला तर कोण दुरुस्त करणार या धास्तीने. चूक होती ती.

आपल्या वाचनालयांत एक सुंदर पद्धत आहे, मुक्तद्वार वाचन विभाग. म्हणजे सभासद असा नाहीतर नसा, अनामत भरा नाहीतर भरू नका, आत या, टेबलावरचा पेपर उचला आणि वाचा, कुणी नाव विचारत नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे ही परंपरा किती जुनी आहे बघ. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला, देशातला पहिला, आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. पूर्वी नोकरीची जाहिरात पेपरात यायची म्हणून पेपर मुक्तद्वार होता. आता जाहिरातही ऑनलाइन, फॉर्मही ऑनलाइन आणि हॉल तिकीटही ऑनलाइन. मग कॉम्प्युटरचं टेबल मुक्तद्वारात का नको? माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी शेवटपर्यंत म्हणत राहणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. काकांशी भांडू नकोस. बऱ्याच वाचनालयांत तो एकटा माणूस कुलूप उघडतो, झाडतो, पुस्तकं देतो-घेतो, दाखल रजिस्टर लिहितो, आणि पगार किती असतो ते विचारूच नकोस. त्या कॉम्प्युटरवर पुस्तकांची सगळी नोंद असते, हिशोब असतो, आणि उद्या तपासणीला साहेब आले आणि डेटा उडालेला असला तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. त्याची भीती खरी आहे. म्हणून उपाय पण त्याच भीतीवर हवा: दोनपैकी एकच मशीन वाचकांसाठी, त्यावर 'वाचक' नावाचं साधं युजर अकाउंट, ज्यातून काही इन्स्टॉल करता येत नाही, आणि ऑफिसचं काम दुसऱ्या मशीनवर. याला एक रुपया लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ज मात्र लेखी दे, आणि तो काकांच्या नावाने नाही तर वाचनालयाच्या अध्यक्ष आणि कार्यवाहांच्या नावाने. अभ्यासिकेतल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घे. 'कॉम्प्युटर खुले करा' असं मोघम नको, 'सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ७, प्रत्येकी अर्धा तास, नोंदवहीत सही करून' असं लिही, म्हणजे कार्यकारी मंडळाला हो म्हणणं सोपं जातं. पोच घ्यायला विसरू नकोस. शासनाचं अनुदान घेणारं वाचनालय आहे, तेव्हा महिनाभरात उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे प्रत पाठव.

आणि एक गोष्ट आजच कर, हे वाचून झाल्याझाल्या. कॅफेत फॉर्म भरताना तो दादा घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर किंवा स्वतः काढलेला ईमेल टाकतो, मग ओटीपी त्याला जातो, परीक्षेचा मेसेज त्याला जातो, आणि मुलीला कळतं तेव्हा तारीख गेलेली असते. हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय, दोन मुलींची तर परीक्षाच हुकली. लॉगिन करून प्रोफाइलमध्ये नंबर आणि ईमेल तुझाच आहे ना ते बघ, नसला तर बदल, आणि पासवर्ड नवीन ठेव जो तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा. परवा वाचनालयात जाऊन जीमेल उघडला, ई-आधार डाउनलोड करून प्रिंट घेतली आणि घरी आलो. रात्री आठवलं, लॉगआउट केलं का? झोप लागली नाही. शिवाय तिथे बँकेचं काम करावं का, आणि हयातीचा दाखला तिथून देता येईल का?

सर, आधी झोपेचं बघू. लॉगआउट राहून गेलं असेल तर परत तिथे जायची गरज नाही. तुमच्या फोनवर गुगल अकाउंटमध्ये जा, सिक्युरिटीमध्ये 'युअर डिव्हायसेस' असं दिसेल, तिथे कुठल्या कुठल्या मशीनवर तुमचं अकाउंट उघडं आहे त्याची यादी येते. वाचनालयाचा दिसला की त्यावर टच करून साइन आउट करा. मग पासवर्ड बदला. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर फोनवरच 'लिंक्ड डिव्हायसेस' मध्ये जाऊन तिथून लॉगआउट होतं. झालं.

आता आधारचं, आणि हे जरा नीट वाचा कारण खरा धोका इथेच आहे. लॉगआउट सगळ्यांच्या लक्षात असतं, पण डाउनलोड झालेली फाइल कुणाच्याच लक्षात नसते. मी एकदा महिनाअखेरीला आमच्या मशीनचं डाउनलोड फोल्डर उघडलं तर आत आधार, जातीचे दाखले, मार्कशीटं, एकाचं बँक पासबुक, एका बाईंचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, सगळं तसंच पडलेलं. कुणीही यावं आणि बघावं. त्या दिवशी मला फार अपराधी वाटलं कारण ते मशीन माझ्या ताब्यात होतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, आणि गावात तुमचं नाव आणि वय कुणाला माहीत नसतं सांगा.

तेव्हा प्रिंट निघाली की फाइलवर क्लिक करून शिफ्ट दाबून धरा आणि डिलीट दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये न जाता सरळ जाते. नुसतं डिलीट केलं तर बिनमध्ये पडून राहते. आणि पुढच्या वेळी आधार काढताना 'मास्क्ड' पर्याय निवडा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात, बऱ्याच ठिकाणी ओळख म्हणून तेवढं चालतं.

इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीबद्दल, पण बऱ्याच जणांनी विचारलंय. ती काळी खिडकी उघडली की हिस्टरी आणि लॉगिन मागे राहत नाही हे खरं, सार्वजनिक मशीनवर ती नेहमी वापराच, पण डाउनलोड केलेली फाइल त्यातही मागे राहतेच, आणि मशीनमध्येच कुणी काही चोरून बसवलं असेल, म्हणजे तुम्ही कीबोर्डवर काय टाइप करता ते टिपून घेणारं, तर इन्कॉग्निटो काहीच करू शकत नाही. म्हणूनच बँकेचं काम वाचनालयात नको. अजिबात नको. एफडी मोडायची असो नाहीतर नुसता बॅलन्स बघायचा असो, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर करा. आणि कधी खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आलाच तर कुणाला विचारत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, तिथे वेळेला फार किंमत आहे.

हयातीच्या दाखल्याला, म्हणजे जीवन प्रमाणला, बोटाचा ठसा घेणारं मशीन लागतं, ते वाचनालयात सहसा नसतं. पण आता फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही होतं. नातवाला शेजारी बसवा, उजेडात बसा.

माझ्या पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत, आत काही उघडत नाही. वाचनालयात लावला होता. सगळं गेलं का?

बहुतेक काही गेलेलं नाही. हा जुना व्हायरस आहे, तो खऱ्या फाइल लपवतो आणि वर शॉर्टकट बनवतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका, अँटिव्हायरस असलेल्या मशीनवर आधी स्कॅन करा आणि मग लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा. आणि वाचनालयात सांगा, कारण तुमच्यानंतर ज्याने पेनड्राइव्ह लावला त्याचंही हेच झालं असणार. पुढे शक्यतो फाइल स्वतःला ईमेल करत जा.

घरी टाइप केलेलं मराठी पत्र वाचनालयात उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आणि तिथल्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप कसं करायचं, त्यावर तर मराठी दिसतच नाही.

तुमच्याकडे पत्र श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं दिसतंय. त्या फॉन्टमध्ये मशीनच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप केलेलं असतं, वरून नुसता मराठी चेहरा चढवलेला, त्यामुळे जिथे तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा उतरतो. युनिकोड या नव्या पद्धतीत तसं होत नाही, क म्हणजे क, कुठल्याही मशीनवर, फोनवरसुद्धा. जुनं पत्र बदलून घ्यायला ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर एकदा वाचून बघा, जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात. आणि नुसतं द्यायचंच असेल तर घरीच पीडीएफ करून आणा.

टाइप करायला काही विकत घ्यायला लागत नाही. विंडोजमध्ये मराठी आधीच असतं, सेटिंगमधून भाषा ॲड करायची आणि मग विंडोज बटण धरून स्पेस दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं. त्यात दोन कीबोर्ड येतात. एक फोनेटिक, 'घर' साठी इंग्रजीत जसं लिहिता तसं. दुसरा इनस्क्रिप्ट, ज्यात मात्रा डाव्या हाताला आणि क, च, ट, त, प यांचे वर्ग उजव्या हाताला. फोनेटिक तासाभरात जमतो. पण तुम्ही विद्यार्थी असाल तर इनस्क्रिप्टच शिका असं मी हट्टाने सांगेन, पंधरा दिवस हात अडखळतात, नंतर स्पीड येतो तो फोनेटिकला येत नाही, आणि तो एकदा आला की हिंदी, कोकणी, गुजरातीला पण जागा त्याच राहतात. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर मराठी नसेल तर ग्रंथपालांना सांगून एकदाच ॲड करून घ्या. मराठी वाचनालयात कॉम्प्युटर मराठी बोलत नाही हे बरं नाही.

मी पुण्याची, सध्या मुलीकडे न्यू जर्सीत एडिसनला सहा महिन्यांसाठी आलेय. मुलगी जावई दिवसभर ऑफिसात. जवळच लायब्ररी आहे, आत खूप कॉम्प्युटर दिसतात. मी तर इथली रहिवासी नाही, मला बसू देतील का? की पैसे लागतील?

जा, खुशाल जा. तिकडच्या सार्वजनिक लायब्ररीत कॉम्प्युटर वापरायला सहसा पैसे लागत नाहीत. कार्ड गावात राहणाऱ्यांना मिळतं, पत्त्याचा पुरावा दाखवून, पण पाहुण्यांसाठी बहुतेक ठिकाणी गेस्ट पास असतो, काउंटरवर जाऊन 'गेस्ट पास' एवढे दोन शब्द म्हटले तरी पुरे. एक नंबर देतात, तो टाकला की मशीन चालू होतं आणि कोपऱ्यात वेळ उलटा मोजत राहतो, संपत आला की सूचना येते. घाबरू नका, मागे कुणी थांबलेलं नसलं तर बरेचदा वाढवून देतात. प्रिंटचे मात्र पानाला पैसे घेतात.

तिकडची एक गोष्ट मला फार आवडते, तुमचा वेळ संपला की मशीन स्वतःच तुम्ही केलेलं सगळं पुसून टाकतं. तरी लॉगआउट कराच. आणि वाचक काय वाचतो काय बघतो हे लायब्ररीने सहसा कुणाला सांगायचं नाही असा न्यू जर्सीत कायदाच आहे. काही वेबसाइट उघडल्या नाहीत तर ते फिल्टर असतं, २००० सालच्या अमेरिकेच्या एका केंद्रीय कायद्यामुळे इंटरनेटसाठी केंद्र सरकारची ठरावीक मदत घेणाऱ्या लायब्ररींना ते लावावं लागतं, पण मोठ्या माणसाने कायदेशीर कामासाठी विनंती केली तर ते काढता येतं.

मुलीचं कार्ड असेल तर तिच्या फोनवर लिब्बी ॲप घालून घ्या, ई-पुस्तकं आणि ऑडिओ फुकट. आणि लायब्ररीत इंग्रजी बोलायच्या सरावाचे ग्रुप असतात का ते विचारा, आपल्यासारख्या आई-आजी तिथे हमखास भेटतात.

आम्ही सिंधुदुर्गातल्या गावात छोटं वाचनालय चालवतो, 'ड' वर्ग. मुंबईच्या गावकऱ्यांनी दोन जुने कॉम्प्युटर दिलेत. लोकांसाठी चालू करायचे आहेत पण भीती वाटते: मुलं भलतंसलतं बघतील, पोलिसांची कटकट होईल, लाइट तर जातेच. कुठून सुरू करू?

तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

आधी जागा. कॉम्प्युटर आतल्या खोलीत नको, पार्टिशन घालून नको, बाहेरच्या हॉलमध्ये ठेवा, स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी. मुलांच्या बाबतीत निम्मं काम याच्यानेच होतं. राहिलेलं निम्मं राउटरमध्ये: इंटरनेट जोडून देणाऱ्या माणसाला सांगा की डीएनएसच्या, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी १.१.१.३ घाल. तो क्लाउडफ्लेअर या कंपनीचा फुकट पत्ता आहे, अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट तिथल्या तिथे अडवतो. शंभर टक्के नाही, पण गावच्या वाचनालयाला पुरतो.

पोलिसांचं. सायबर कॅफेसाठी २०११ चे केंद्राचे नियम आहेत. ओळखपत्र बघायचं, कोण कधी आला-गेला ते लिहायचं, नोंदी किमान वर्षभर ठेवायच्या, ओळखपत्र नसलेल्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय बसू द्यायचं नाही, पार्टिशन साडेचार फुटांच्या वर नको. ते धंदा म्हणून चालणाऱ्या कॅफेसाठी लिहिलेत, तुमचं वाचनालय धंदा नाही, तरी नोंदवही ठेवा असंच मी म्हणेन: नाव, सभासद नंबर, आत, बाहेर, सही. आणि एकदा पोलीस ठाण्यात जाऊन सांगून या की आम्ही असं असं सुरू करतोय, आपल्याकडे तेवढ्याने बरीच कामं सोपी होतात. आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा मात्र टेबलावर जमवू नका. सभासदाची ओळख तुम्ही आधीच घेतलेली असते, ती पुरे.

इंटरनेटसाठी पहिल्यांदा ग्रामपंचायतीत विचारा की भारतनेटची, म्हणजे गावागावांत इंटरनेट पोचवायच्या सरकारी योजनेची, फायबर आलीय का आणि चालू आहे का. चालू असेल तर वाचनालयापर्यंत वायर ओढायचाच प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना पण बघा, त्यात चहाच्या टपरीपासून वाचनालयापर्यंत कुणालाही लायसन्सशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं.

मशीन जुनी आहेत म्हणता, तर त्यात डीप फ्रीजसारखं काहीतरी घाला, म्हणजे रीस्टार्ट केलं की मशीन सकाळी होतं तसं होतं, कुणी काय करून गेला त्याचा पत्ता राहत नाही, डाउनलोड राहिलेलं आधार पण जातं. लाइटसाठी साधा यूपीएस घ्या, पंधरा मिनिटं मिळाली तरी भरत आलेला फॉर्म वाचतो. कोकणात पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की मात्र सगळं बंद करून प्लग काढा, राउटरचाही.

आणि पहिल्या महिन्यात लोकांना काय दाखवायचं ते ठरवून ठेवा, नुसतं 'या, बसा' म्हटलं तर कुणी येत नाही. सातबारा दाखवा. महाभूमीच्या साइटवर सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत, आणि डिजिटल सहीवाला १५ रुपयांत मिळतो. आपल्या आज्याच्या नावचा सातबारा स्क्रीनवर बघितलेला माणूस दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन येतो, हे मी पाहिलंय.

मी सदुसष्ट वर्षांची. कधी माउस हातात धरलेला नाही. वाचनालयातली पोरं हसतील का?

नाही हसणार, आणि एखाद्याला हसू आलंच तर आमच्यासारखी माणसं आहेत तिथे. पहिल्या दिवशी काहीही भरायचं नाही, लिहायचं नाही. ग्रंथपालांना सांगा की मला पत्त्यांचा डाव लावून द्या, सॉलिटेअर. पत्ता उचलून इकडून तिकडे ठेवता ठेवता माउस हातात बसतो, अर्धा तास पुरतो. दुसऱ्या दिवशी मराठी विश्वकोश उघडून मागा, तो ऑनलाइन फुकट आहे, आणि त्यात तुमच्या जिल्ह्याचं नाव शोधा. चष्मा न्यायचा, आणि अक्षर बारीक वाटलं तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबायचं, मोठं होतं. दुपारी पोरांची गर्दी असते, सकाळी उघडल्या उघडल्या जा.